कोंडलेला दाब

परवा भाच्याने विचारलं, "मामा, जुन्या ऑक्टाव्हिया आरएसला लाईन लॉक बसवता येईल का?" मंडळी, ही गाडी आपल्याच गावची. स्कोडाचा शेंद्र्याचा कारखाना 2001 साली सुरू झाला, आणि टर्बो पेट्रोल इंजिनाची आरएस 2004 मध्ये आली.

लाईन लॉक म्हणजे ब्रेकच्या नळीत बसवलेला, विजेवर चालणारा व्हॉल्व्ह. पेडल दाबायचं, बटण धरून ठेवायचं, मग पेडल सोडायचं. ब्रेक ऑइलचा दाब नळीत कोंडून राहतो. कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या स्टुडबेकरने 1936 मध्ये 'हिल होल्डर' दिला, तो चढावर गाडी मागे घसरू नये म्हणून! ड्रॅग शर्यतवाल्यांनी त्याच तत्त्वाचा भलताच उपयोग केला: पुढची चाकं जखडून मागची जागेवर फिरवायची, टायर तापले की पकड वाढते. 2015 च्या मस्टँग जीटीत तर ही सोय फोर्डनेच दिली.

पण मस्टँगचं इंजिन मागची चाकं फिरवतं, ऑक्टाव्हियाचं पुढची. म्हणजे इथे मागची जखडायला हवीत. त्यातून ब्रेकची दोन सर्किटं तिरकी: प्रत्येकात पुढचं एक चाक आणि विरुद्ध बाजूचं मागचं एक. म्हणजे दोन व्हॉल्व्ह आणि नळ्यांना नवे सांधे. त्यातला एक सांधा झिरपला, की जालना रोडवर अर्धे ब्रेक गेले.

असो. चढावरचा मूळ उपयोग मात्र टिकलाय. आजच्या कित्येक गाड्यांत हिल होल्ड असतो. क्षणभर दाब धरतो आणि आपणहून सोडतो. मला विचाराल तर रस्त्यावर तेवढाच लॉक पुरे.