औषधांच्या मुदतीचा इतिहास

औषधाच्या वेष्टनावर मुदतीची तारीख असते, हे आज शाळकरी मुलासही ठाऊक आहे. परंतु ही प्रथा औषधांच्या मानाने बरीच अर्वाचीन होय. ॲस्पिरिन जर्मनीतील बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत १८९७ साली शुद्ध स्वरूपात सिद्ध झाले. मात्र बहुतेक सर्व औषधांवर अशी तारीख छापण्याची सक्ती अमेरिकेसारख्या पुढारलेल्या देशातही १९७९ मध्ये आली. भारतात १९४० चा औषध कायदा व त्याखालील १९४५ चे नियम यांतून ही व्यवस्था उभी राहिली. त्यातील सर्वसाधारण दंडक असा की, मुदत उत्पादनाच्या तारखेपासून ६० महिन्यांपलीकडे जाऊ नये.

या तारखेचा अर्थ पुष्कळदा चुकीचा घेतला जातो. त्या दिवशी औषधाचे विष होते असे नव्हे. सांगितल्याप्रमाणे ठेवल्यास तोपर्यंत औषधाचा गुण, सामान्यतः ९० टक्के तरी, टिकेल अशी ती उत्पादकाची हमी असते. कापडाचा तागा जुना झाला म्हणजे उडालेला रंग डोळ्यांना दिसतो. गोळीचे तसे नसते. ॲस्पिरिनला दमट हवा लागली की त्याचे विघटन होऊन सॅलिसिलिक आम्ल व व्हिनेगरचे आम्ल तयार होते. जुन्या बाटलीला येणारा आंबूस वास तो हाच. पण असा वास देऊन सावध करणारी औषधे थोडीच!

उष्णतेने रासायनिक क्रिया किती वेगावते, याचे सूत्र स्वीडिश शास्त्रज्ञ अर्‍हेनियस यांनी १८८९ साली मांडले. त्याच्याच आधारे आज औषधे ४० अंश सेल्सियस तापमानात व ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून त्यांच्या पुढील आयुष्याचा अंदाज बांधतात.

हा विषय किती गंभीर आहे, हे १९६३ साली अमेरिकेत दिसून आले. जुने, विघटन पावलेले टेट्रासायक्लिन घेतलेल्या रुग्णांच्या मूत्रपिंडांवर विपरीत परिणाम झाल्याचे वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. येथे औषध नुसते निर्बल झाले नव्हते, तर त्यातून अपायकारक द्रव्ये निर्माण झाली होती.

याच्या उलट बाजूही आहे. अमेरिकन सैन्यदलाकडे औषधांचा प्रचंड साठा असे आणि मुदत संपताच तो नष्ट करणे फार खर्चाचे होते. म्हणून १९८६ पासून तेथील औषध प्रशासनाकडून त्या साठ्याची तपासणी सुरू झाली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत १२२ औषधांचे सुमारे ३००० गट होते; त्यांपैकी ८८ टक्के गट मुदतीनंतर किमान एक वर्ष उत्तम स्थितीत आढळले. पुढे २०१२ मध्ये २८ ते ४० वर्षे पडून राहिलेली, न उघडलेली औषधे तपासली गेली. तपासलेल्या १४ घटकांपैकी १२ घटकांचा गुण ९० टक्क्यांहून अधिक टिकला होता. ॲस्पिरिन मात्र त्यात उतरले नाही.

हे आकडे वाचून काही जण मुदतबाह्य औषधेही निर्धास्त वापरू लागतात. येथे विवेक हवा. सैन्याचा तो साठा मूळ सीलबंद वेष्टनात, नियंत्रित तापमानात होता आणि प्रत्येक गट तपासूनच त्याची मुदत वाढवली गेली. आपल्याकडे घरोघरची उरलेली औषधे औषधदानाच्या सद्हेतूने गोळा होतात. त्यांतील एखादी पट्टी उन्हाळाभर मोटारीत राहिलेली असते, एखादी पावसाळ्यात स्नानगृहाच्या फळीवर. तारीख उलटली नसली, तरी उत्पादकाची हमी तेथेच संपलेली असते. आणि ते ओळखण्याची सोय धर्मादाय दवाखान्यातील डॉक्टरांजवळही नसते.

नायट्रोग्लिसरीनचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. हृदयशूळावर १८७९ पासून मान्यता पावलेली ही इवलीशी गोळी जिभेखाली ठेवतात. तिच्यातील औषध हवेत उडून जाते व प्लॅस्टिकमध्ये शोषलेही जाते. त्यासाठी ती काचेच्या मूळ बाटलीत, घट्ट झाकण लावून ठेवावी लागते. सोयीसाठी प्लॅस्टिकच्या डबीत काढून ठेवलेली गोळी दिसायला तशीच राहते, तिच्यावरील तारीखही पुढचीच असते. परंतु छातीत कळ येते त्या क्षणी तिच्यात औषध किती उरले असेल, हे कोणीच सांगू शकत नाही.