हापसा कुणी घडवला?

आजच्या भागात आम्ही एका वस्तूचा इतिहास सांगणार आहोत. ही वस्तू आपल्या शाळेजवळ, देवळामागं, वस्तीच्या टोकाला उभी असते. आपण रोज तिचा दांडा धरतो. ती म्हणजे हापसा. गावागावांत दिसणाऱ्या या हापशाचं नाव आहे ‘इंडिया मार्क टू’.

बचत गटाच्या बैठकीत मुलींच्या शिक्षणाचा विषय निघाला की इंजिनिअर म्हणजे कॉम्प्युटरवाला, नाहीतर पूल बांधणारा, एवढंच आपल्याला आठवतं. पण कारखान्यात आणखी एक इंजिनिअर असतो. नवी वस्तू घडवायची, तिचा नमुना करायचा, तो मोडेपर्यंत वापरून बघायचा, मोडला तर का मोडला ते शोधायचं आणि सुधारून पुन्हा करायचा, हे त्याचं काम. त्याला उत्पादन विकास अभियंता म्हणतात. हे काम काय असतं ते हापशाइतकं चांगलं दुसरं कुणी सांगणार नाही. शिवाय या गोष्टीची सुरुवात आपल्या महाराष्ट्रातली आहे.

1960 च्या दशकाच्या अखेरीला देशात लागोपाठ दुष्काळ पडले. 1967 च्या सुमाराला बिहारमध्ये हाल झाले, आणि 1972 चा दुष्काळ तर आपल्या आज्या-सासवांच्या तोंडून आपण ऐकलेला आहे. आड आणि विहिरी आटल्या. आपल्याकडं जमिनीखाली काळा पाषाण. पहारीनं आणि सुरुंगानं विहीर खणायला महिने लागायचे. त्या काळात हवेच्या दाबावर चालणारी बोअरची यंत्रं आली. युनिसेफ या जागतिक संस्थेनं आणि काही सेवाभावी संस्थांनी ती आणली. आठवड्यांचं काम तासांवर आलं. खडकाच्या पोटातलं पाणी सापडू लागलं.

भोक पडलं, पण पाणी वर काढायचं कसं? वीज सगळीकडं नव्हती. म्हणून बोअरवर हातपंप बसवले. ते पंप बिडाचे होते आणि त्यांची घडण परदेशातल्या शेतघरांच्या पंपांवरून उचललेली होती. तिथं एक कुटुंब दिवसातून चार-सहा वेळा पंप मारायचं. आपल्याकडं त्याच पंपावर सगळं गाव यायचं. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत दांडा खाली-वर होतच राहायचा. बीड हे लोखंड कडक असतं, पण ठिसूळ. त्याला तडे जायचे. दांड्याचे खिळे झिजायचे, भोकं मोठी व्हायची आणि दांडा लडबडायचा. सळई वाकडी ओढली गेली की आतलं चामड्याचं वायसर एका बाजूनं घासून संपायचं.

1970 च्या दशकाच्या मध्याला पंपांची पाहणी झाली, तेव्हा दर चार पंपांतले साधारण तीन बंद सापडले. बोअरसाठी खर्च केलेला पैसा जमिनीत पडून राहिला. आणि बाईच्या डोक्यावरचा हंडा होता तिथंच राहिला. चांगलं पाणी शंभर हातांवर, पण खोल. म्हणून तिनं पुन्हा ओढ्याकाठच्या झिऱ्याची वाट धरली.

आता इथं एक गोष्ट नीट बघू. पंप बंद पडला की दोष कुणाला दिला जातो? गावाला. लोक नीट वापरत नाहीत, पोरं दांड्याला लोंबकळतात, बाया आपटतात, असं म्हटलं जातं. वस्तू घडवणाऱ्या चांगल्या माणसाचा विचार मात्र वेगळा असतो. तो म्हणतो, गाव असंच वापरणार आहे, दिवसभर वापरणार आहे आणि पोरंही लोंबकळणार आहेत. ते सगळं सोसेल असा पंप मला करता आला पाहिजे.

असा विचार करणारे लोक आधी जालन्यात आणि मग सोलापुरात निघाले. दोन्ही ठिकाणी मिशनची माणसं बोअर पाडण्याचं काम करत होती. बिघडलेल्या पंपांच्या तक्रारी त्यांच्याच दारात यायच्या. जालन्याच्या पंपात दांड्याचे अनेक लडबडे सांधे काढून एकच मजबूत सांधा केला गेला. बिडाऐवजी पोलाद आलं. सोलापूरच्या कार्यशाळेत त्याच वाटेनं पुढं काम झालं आणि ‘सोलापूर पंप’ तयार झाला. हे काम मोठ्या प्रयोगशाळेत झालं नाही. ज्यांना पंप दुरुस्त करायला गावोगाव जावं लागायचं, त्यांनीच तो सुधारला.

सोलापूर पंपातली मुख्य युक्ती आज आपल्या हापशातही आहे. वरचं झाकण उघडलं की दांड्याच्या पुढच्या टोकाला एक गोलाईदार तुकडा दिसतो आणि त्यावरून सायकलच्या चेनसारखी साखळी खाली उतरते. आपण दांडा खाली दाबतो तेव्हा तो गोलाईत फिरतो, पण साखळीमुळं आतली सळई सरळ वर उचलली जाते. ती वाकडी ओढली जात नाही. म्हणून वायसर सगळीकडून सारखं घासतं आणि जास्त टिकतं. दांड्याच्या सांध्यात बंद बेअरिंग असतात. त्यांना रोज तेल-ग्रीस लागत नाही आणि धूळही आत शिरत नाही.

सोलापूर पंप चांगला होता, पण तो थोड्या संख्येत बनत होता. देशाला लाखो पंप हवे होते. तेव्हा केंद्र सरकार आणि युनिसेफ यांनी तो पुढं न्यायचं ठरवलं. चेन्नईची मेराडो ही सरकारी संशोधन संस्था आणि रिचर्डसन अँड क्रुडास ही सरकारी मालकीची कंपनी या कामात आल्या. त्यांच्यासमोर अटी होत्या. पंप स्वस्त पडला पाहिजे. साध्या कारखान्यात, जोडकाम आणि कातकाम करून बनवता आला पाहिजे. खोल पाणी उपसता आलं पाहिजे. आणि वर्षभर मोठ्या बिघाडाशिवाय चालला पाहिजे.

नमुने केले आणि ते तमिळनाडूत कोइमतूरच्या परिसरात बसवले. ती जागा मुद्दाम निवडली होती. तिथं पाणी खोल होतं आणि पंपांवर गर्दी असायची. पंपाची परीक्षा अवघड जागीच घ्यायची असते. मसाला आपल्याच घरात चांगला लागला म्हणून तो बाजारात चालेल असं नाही, हे आपल्या गटांना चांगलं माहीत आहे. काय झिजलं, काय तुटलं ते बघून सुधारणा केल्या आणि 1970 च्या दशकाच्या अखेरीला इंडिया मार्क टू मोठ्या प्रमाणावर बनू लागला.

त्यातल्या दोन-तीन गोष्टी सांगतो, म्हणजे उद्या हापशावर गेल्यावर त्या आपल्याला दिसतील. दांडा भरीव लोखंडाचा आणि जड का आहे? कारण बोअरमध्ये खोलवर गेलेल्या सळयांचं वजन दुसऱ्या टोकाला लटकत असतं. तराजूच्या एका पारड्यात माल असला तर दुसऱ्यात वजन लागतं, तसा हा दांडा. तो पोकळ केला असता तर सगळा जोर आपल्या खांद्याला लावावा लागला असता. पंपाला तीन पाय का आणि ते सिमेंटात का गाडलेले? वर पंप हलला की खाली सगळं झिजतं म्हणून. आणखी एक गोष्ट म्हणजे पंपाचा तळ बोअरच्या पाइपावर झाकणासारखा बसतो, त्यामुळं धुण्याचं, जनावरांचं घाण पाणी परत बोअरमध्ये उतरत नाही. ओटा फुटला आणि भोवती चिखल साचला की हीच राखण कमजोर होते.

यानंतरचं काम कुणाच्या डोळ्यात भरत नाही, पण ते मोठं आहे. 1979 मध्ये या पंपासाठी भारतीय मानक आलं, आयएस 9301. कोणता भाग किती जाडीचा, कोणतं भोक किती व्यासाचं, जस्ताचा मुलामा कसा, हे सगळं लिहून ठरलं. आधी एका कारखान्याचा भाग दुसऱ्याच्या पंपाला बसत नसे. आता कुठल्याही कारखान्याचा भाग कुठल्याही मार्क टूला बसू लागला. कारखान्यातून निघण्याआधी पंप तपासले जाऊ लागले. या घडणीचं पेटंट कुणी घेतलं नाही, म्हणून अनेक लहानमोठे कारखाने तो बनवू शकले. 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत जगभरात असे सुमारे 50 लाख पंप बसले. युगांडा, घाना, माली अशा आफ्रिकेतल्या देशांतही बायका हाच दांडा मारून पाणी भरतात.

मग सगळं चांगलंच झालं का? नाही. मार्क टूचा वरचा भाग टिकाऊ, पण वायसर बदलायचं तर खालचा सगळा पाइप बाहेर काढावा लागतो. त्याला गाडी, जड हत्यारं आणि चार माणसांचं पथक लागतं. पथक तालुक्याला किंवा जिल्ह्याला, आणि हंडा आपल्याकडं. काही ठिकाणच्या पाण्यानं लोखंडी पाइप गंजतात आणि पाणी तांबडं येतं, हाही दोष पुढं दिसला.

तेव्हा पुन्हा कोइमतूरकडंच 1980 च्या दशकात नव्या चाचण्या झाल्या आणि मार्क थ्री आला. त्यात पाइप रुंद, 65 मिलिमीटरचा केला. त्यामुळं पाइप जागेवर ठेवून आतला दट्ट्या वर ओढून काढता येतो आणि वायसर गावातच बदलता येतं. चामड्याऐवजी टिकाऊ रबराची वायसरं आली. म्हणजे या वेळी इंजिनिअरनं पंप किती टिकतो याच्या जोडीनं तो दुरुस्त कोण करणार हेही विचारलं. हा प्रश्न विचारला गेला तेव्हा बाईला या कामात यायला वाट झाली.

1990 च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्या या सरकारी कार्यक्रमातून बायकांना हातपंप दुरुस्ती शिकवली. त्यांतल्या बऱ्याच दलित आणि कोल आदिवासी समाजातल्या होत्या. अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी पाने हातात घेतले, जड पाइप वर ओढले आणि मार्क टू उघडून दुरुस्त केले. ज्या पाणवठ्यावर जातीमुळं त्यांना लांब उभं केलं जायचं, तिथला पंप त्या खोलू लागल्या. कामाची नोंद ठेवायला अक्षर लागतं, म्हणून पुढं शिकण्याची मागणीही त्यांनीच केली.

मैत्रिणींनो, या सगळ्या इतिहासात आम्हांला एक गोष्ट खटकते. हापसा सगळ्यात जास्त वापरते ती बाई. पण नमुना काढणाऱ्यांच्या, मोजमाप ठरवणाऱ्यांच्या टेबलावर ती क्वचितच बसलेली दिसते. दांड्याची उंची गरोदर बाईला सोसते का, दहा वर्षांच्या पोरीचा हात पोचतो का, भरलेला हंडा उचलून डोक्यावर घ्यायला ओट्यावर टेकू आहे का, हे प्रश्न जिला रोज पडतात तीच ते आधी विचारेल. म्हणून आपल्या मुली या कामात हव्यात.

वाट अवघड आहे, पण बंद नाही. दहावीनंतर आयटीआयमध्ये फिटरचा 2 वर्षांचा अभ्यास आहे. तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकीची 3 वर्षांची पदविका आहे, आणि ती झाल्यावर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. कारखान्यात सुरुवात बहुतेक नकाशे वाचण्यापासून, मोजमाप तपासण्यापासून होते. गणित आणि विज्ञान लागतं. त्याबरोबर मोडलेली वस्तू फेकून न देता उघडून बघायची सवयही लागते. ती आपल्या पोरींना असते. मिक्सर बंद पडला की पेचकस घेऊन कोण बसतं ते घरोघरी बघा.

आणि गटांसाठी या महिन्याचं एक काम. आपल्या वस्तीतल्या हापशाजवळ सगळ्याजणी एकदा जा. ओटा फुटलाय का, दांडा लडबडतोय का, पहिलं पाणी यायला किती हापशे मारावे लागतात, पाणी तांबडं येतं का, हे वहीत तारखेसह लिहा. लिहायचं काम आठवी-नववीतल्या मुलीला द्या. ती वही ग्रामसभेत घेऊन जा. आधी मोजायचं आणि मग मागायचं, हे जालना-सोलापूरच्या कार्यशाळेपासून चालत आलंय. पुढच्या भागापर्यंत वह्या भरून ठेवा. कुठल्या गावात काय सापडलं, ते आपण इथंच एकमेकींना ऐकवू.