'द सर्चर्स' : सूडकथा आणि तिचे ऐतिहासिक मूळ

अमेरिकन 'वेस्टर्न' चित्रपटांत सूड हा नित्याचा विषय होय. अन्यायाचे परिमार्जन झाले की नायकाचा हिंसाचार न्याय्य ठरतो, ही त्यांची रूढ चौकट. जॉन फोर्ड यांचा 'द सर्चर्स' (१९५६) ही चौकट मोडतो. तो ॲलन ले मे यांच्या १९५४ च्या कादंबरीवर आधारलेला असून, तिच्या मुळाशी टेक्ससमधील एक अपहरण असल्याचे सामान्यतः मानले जाते. दोहोंची तुलना केली असता सूडकथा काय सांगते आणि काय वगळते, हे स्पष्ट होते.

१९ मे १८३६ रोजी कोमँची व त्यांच्या सहकारी टोळ्यांनी पार्कर कुटुंबाच्या गढीवर हल्ला करून पाच जणांना ठार मारले व पाच जणांना पळवून नेले. त्यांत सुमारे नऊ वर्षांची सिंथिया ॲन होती. तिचे चुलते जेम्स पार्कर यांनी अपहृतांच्या शोधार्थ अनेक वर्षे भ्रमंती केली. परंतु सिंथिया त्यांना मिळाली नाही. ती कोमँचींत वाढली, पेटा नोकोना या सरदाराची पत्नी झाली आणि तीन मुलांची माता झाली. डिसेंबर १८६० मध्ये पीज नदीकाठच्या हल्ल्यात टेक्सस रेंजर्सनी तिला तान्ह्या मुलीसह पकडून 'सोडविले'.

चित्रपटाचे कथानक १८६८ मध्ये सुरू होते. यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेला ईथन एडवर्ड्स भावाच्या कुटुंबाचा संहार पाहतो आणि अपहृत पुतणी डेबीच्या शोधास निघतो. शोध लांबतो तसा त्याचा हेतूही पालटतो. कोमँचींत वाढलेल्या पुतणीला ठार मारणेच त्याला इष्ट वाटू लागते. जॉन वेन यांनी हा पालट संवादांपेक्षा मुद्रेने अधिक दाखविला आहे. लष्करी ठाण्यात सुटून आलेल्या गोऱ्या स्त्रियांकडे ईथन वळून पाहतो, तेव्हा कॅमेरा त्याच्या चेहऱ्याजवळ सरकतो. त्या चेहऱ्यावर करुणेचा लवलेश नसून तिरस्कार आहे. जेफ्री हंटर यांचा मार्टिन हा अंशतः चेरोकी वंशाचा. आरंभी तो पोरसवदा वाटतो. पण डेबी आणि ईथनचे पिस्तूल यांच्यामध्ये तोच उभा राहतो. हेन्री ब्रँडन यांनी साकारलेला कोमँची सरदार स्कार याचेही दोन पुत्र गोऱ्यांनी मारलेले आहेत. त्यामुळे ईथन व स्कार ही एकाच सूडाची दोन रूपे ठरतात. स्कारच्या प्रेताचे शिर सोलून ईथन हे साम्य स्वतःच सिद्ध करतो.

अखेरीस तो डेबीला मारीत नाही, उचलून घरी आणतो. सर्वजण आत जातात. डाव्या हाताने उजवा दंड धरून तो बाहेरच थांबतो, आणि पाठ फिरवून निघताच दार मिटते. ज्या घरासाठी सूड घेतला, त्याच घराला सूडाने त्याला पारखे केले.

मात्र दाराआड गेलेल्या डेबीचे पुढे काय होते, हे चित्रपट सांगत नाही. ते सिंथियाच्या चरित्रातून कळते. कोमँचींकडे पळून जाण्याचे तिचे प्रयत्न वारंवार फसले, मुलगी थोड्याच वर्षांत वारली, आणि १८७० च्या सुमारास तिचाही अंत झाला. तिचा पुत्र क्वाना पार्कर १८७५ मध्ये शरण आला. १९१० मध्ये त्याने मातेच्या अस्थी ओक्लाहोमात आणविल्या. चित्रपटातील दार सूड घेणाऱ्याला बाहेर ठेवते; सिंथियाच्या बाबतीत तेच दार तिला आत कोंडणारे ठरले. या दुसऱ्या बंदिवासाला सूडकथेत स्थान नाही. इतिहासाला मात्र त्याची नोंद घ्यावीच लागते.