एचआयव्ही, औषधरोध आणि मेंदूचे संसर्ग : प्रस्तावना

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या न्यूमोनियाची एक छोटी नोंद छापून आली. त्यांच्या फुप्फुसांत सापडलेला न्यूमोसिस्टिस हा जीव धडधाकट माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. तेव्हा त्याची गणना परजीवी आदिजीवांत होत असे. पुढे जनुकीय तपासणीत तो बुरशी निघाला. एड्सची चाहूल जगाला लागली ती अशी, दुसऱ्याच एका जीवामुळे. त्यामागचा मूळ विषाणू, एचआयव्ही, फ्रान्स्वाज बारे-सिनुसी आणि ल्यूक मोंतान्ये यांना पॅरिसच्या पाश्चर संस्थेत सापडला तो १९८३ मध्ये.

विषाणू, त्याच्या आडून शिरणारे जंतू आणि या सर्वांवरची औषधे एकत्र वाचल्याशिवाय हा विषय हाती लागत नाही, हे त्या पहिल्या नोंदीपासूनच स्पष्ट आहे. पुढची प्रकरणे त्याच धोरणाने रचली आहेत. वैद्यक, सूक्ष्मजीवशास्त्र आणि परिचर्या शिकणारे विद्यार्थी, एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) केंद्रांतले समुपदेशक आणि स्वतः रोज गोळी घेणारे जिज्ञासू वाचक, अशा सर्वांचे या विषयात मनापासून स्वागत आहे.

सुरुवात औषधरोधापासून करू. एचआयव्हीचे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे एन्झाइम आरएनएवरून डीएनएची नक्कल करते, पण ती नक्कल बरोबर उतरली की नाही हे तपासत नाही. उपचार न घेणाऱ्या माणसाच्या शरीरात रोज अब्जावधी नवे विषाणू तयार होतात, आणि त्यांत चुका होतच राहतात. १९८७ मध्ये एझेडटी हे पहिले औषध आले; १९८९ मध्ये त्याला दाद न देणाऱ्या विषाणूंची नोंद झाली. १९९६ पासून तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रुळली, कारण तिन्हींना पुरून उरणारे बदल एकाच विषाणूत एकदम जुळून येणे फार दुर्मीळ.

यातला एक बदल जवळून पाहण्याजोगा आहे. या एन्झाइमच्या १८४ व्या जागी मेथिओनिन हे अमिनो आम्ल असते. तिथे व्हॅलिन आले की लॅमिवुडीन या औषधाचा प्रभाव बहुतांशी ओसरतो. मात्र त्याच बदलामुळे विषाणूची वाढ मंदावते आणि टेनोफोविर हे दुसरे औषध त्याच्यावर अधिक चालते. म्हणून रोध दिसल्यावरही लॅमिवुडीन पुष्कळदा चालू ठेवतात. औषध बंद केले, तर काही आठवड्यांत मूळ विषाणू पुन्हा वरचढ होतो आणि बदललेला विषाणू पेशींत दडून राहतो. औषधरोधाच्या तपासणीचा अहवाल तेव्हा फसवा येऊ शकतो. ती तपासणी रुग्ण गोळ्या घेत असतानाच करायची, ती याचसाठी.

बदल चुकीतून जन्मतो, पण त्याला मोकळे रान मिळते ते रक्तातली औषधाची पातळी खाली आली की. ती खाली येण्याची कारणे प्रयोगशाळेबाहेरही शोधावी लागतात. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याच्या गोळ्या फडावर असताना संपतात. नव्या सुनेला सासरी गोळ्यांची बाटली लपवावी लागते. कधी दोष रुग्णाकडे नसतोच. टीबीवरच्या रिफॅम्पिसिनमुळे शरीर डोल्युटेग्रेव्हिर या एचआयव्हीवरच्या औषधाचा निचरा झपाट्याने करते, म्हणून त्या काळात ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी बारा तासांनी द्यावी लागते. ही दुसरी गोळी चिठ्ठीवर लिहायची राहिली, तर एकही गोळी न चुकवणाऱ्या माणसालाही औषध कमी पडते.

या औषधांच्या इतिहासात आपल्या मुलखाचा वाटा मोठा आहे. पाश्चात्त्य देशांत तीन औषधांच्या उपचाराचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या घरात असताना, २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला तो ३५० डॉलरमध्ये देऊ केला. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत उपचार सुरू केले. पहिल्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. लवकर उपचार घेतल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, हे २०११ मध्ये जाहीर झालेल्या ज्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने दाखवले, त्यात पुण्यातली जोडपीही सहभागी होती.

आता मेंदूकडे वळू. प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या सीडी४ पेशी शंभराच्या खाली गेलेला रुग्ण फिट आली म्हणून दाखल होतो आणि स्कॅनमध्ये कडा उजळलेली एक गोल गाठ दिसते. ती टोक्सोप्लाझ्माची असू शकते. १९०८ मध्ये ट्युनिसमध्ये एका कृंतक प्राण्यात सापडलेला हा परजीवी बहुधा वर्षानुवर्षे शरीरात निपचित पडून असतो. ती टीबीची गाठ असू शकते. किंवा फीतकृमीच्या अळीची, म्हणजे न्यूरोसिस्टिसरकोसिसची. भारतात हे तिन्ही आजार आढळतात, आणि तिघांचे उपचार निरनिराळे. गाठी किती व कुठे आहेत, रक्ततपासणी काय सांगते आणि टोक्सोप्लाझ्माच्या औषधांनी दोनेक आठवड्यांत त्या आटतात का, यावरून निदान पक्के होत जाते.

क्रिप्टोकॉकस या बुरशीचा मेंदूज्वर वेगळाच धडा देतो. पाठीतले पाणी काढून त्यात शाईचा थेंब मिसळला, की काळ्या पार्श्वभूमीवर बुरशीच्या गोल पेशी पांढऱ्या वलयासह उठून दिसतात. इथे एआरटीची घाई जिवावर बेतू शकते. आधी बुरशीवरचे उपचार, मग चार ते सहा आठवड्यांनी एआरटी. नाहीतर नव्याने जागी झालेली प्रतिकारशक्तीच मेंदूत दाह पेटवते.

औषधरोध आणि मेंदू यांची गाठ जिथे पडते, ते प्रकरण सावकाश वाचावे. रक्तातला व्हायरल लोड (विषाणूंचे प्रमाण) आटोक्यात असतो, तरी माणूस विसरू लागतो, चालताना तोल जातो. पाठीतल्या पाण्यात मात्र विषाणू वाढत असतो, आणि तोही औषधांना न जुमानणारा. औषधे मेंदूत पुरेशी न पोहोचल्याने असे घडू शकते. पश्चिम भारतातल्या रुग्णांवरच्या अभ्यासाने या ज्ञानात मोलाची भर घातली आहे.

परजीवीही औषधांना न जुमानायला शिकतात. बिहारमध्ये काळा आजार अँटिमनीच्या औषधांना दाद देईनासा झाला. काळा आजार झालेल्या रुग्णाला एचआयव्हीही असेल तर आजार पुन्हा पुन्हा उलटतो. म्हणून २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना अशा रुग्णांसाठी लायपोसोमल अँफोटेरिसिन आणि मिल्टेफोसिन यांचा जोड-उपचार सुचवते.

नव्या अभ्यासकाला एवढीच विनंती, की उत्परिवर्तनांचे तक्ते पाठ करण्याआधी काही दिवस समुपदेशकाशेजारी बसावे. गोळ्या का चुकल्या, हे न रागावता कसे विचारतात ते ऐकावे. ज्याला त्या प्रश्नाचे खरे उत्तर मिळवता येते, त्याला प्रयोगशाळेच्या अहवालाचा अर्थही नीट लागतो, आणि पुढची औषधे निवडताना त्याचा हात चुकत नाही.