टेन्शन सरलं, मग बीपी का नाही सरला?

बाजाराच्या दिवशी दवाखान्यात एक काका आले. वय पंचावन्नच्या आसपास. उजवा हात लुळा पडलेला, बोलताना जीभ जड. बीपी 210/120. बीपीची गोळी चार वर्षांपासून सुरू होती, म्हणून विचारलं, "गोळी घेताय ना?" उत्तर काकूंनी दिलं, "पोरीचं लगन झालं ना जी डॉक्टरसाहेब. टेन्शन सरलं, म्हून ह्यायनं गोई सोडली."

त्यांना लगेच अकोल्याला पाठवलं. जीव वाचला, पण उजव्या हाताने अजून घास नीट उचलता येत नाही.

काकांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्यांचा हिशेब सरळ होता. डॉक्टरने सांगितलं 'हायपरटेन्शन' आहे, म्हणजे टेन्शन जास्त झालंय. टेन्शन गेलं की आजार गेला. हा घोळ एका शब्दाने केला आहे, म्हणून आज त्या शब्दाचीच गोष्ट सांगतो.

'टेन्शन' आता इंग्रजी राहिलेला नाही. आपण टेन्शन घेतो, देतो, कुणाला येतं, कुणाचं जातं. "टेन्शन नको घेऊ" हे वाक्य शाळेची पायरी न चढलेली आजीही सहज बोलते. आपल्या बोलण्यात त्याचा अर्थ एकच: काळजी, मनावरचं ओझं.

पण मूळ अर्थ तो नाही. लॅटिनमध्ये 'ताणणे' या अर्थाचं जे क्रियापद आहे, त्यातून हा शब्द निघाला. दोरी ताणली की तिच्यात टेन्शन असतं. आपला 'ताण' आणि तो शब्द, दोघांचं मूळ फार मागे एकच आहे. हा जुना अर्थ आपल्या तालुक्यात रोज डोळ्यांसमोर असतो. पारसच्या वीज केंद्रातून निघालेल्या तारांना आपण 'हाय टेन्शन लाईन' म्हणतो. त्या तारेला पोरीच्या लग्नाची काळजी लागलेली नसते! तिथे टेन्शन म्हणजे विजेचा दाब. हायपरटेन्शनमधलं टेन्शन हे त्या तारेतल्यासारखं आहे, मनातल्यासारखं नाही. रक्तवाहिनीच्या भिंतीवर रक्ताचा पडणारा दाब, एवढाच त्याचा अर्थ.

हा दाब पहिल्यांदा मोजला तो घोडीचा. इंग्लंडमधले पाद्री स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या धमनीत पितळी नळी घालून तिला उभी काचेची नळी जोडली. रक्त आठ फुटांहून वर चढलं. हा प्रयोग त्यांनी 1733 साली छापला. माणसावर असं करणं शक्य नव्हतं, म्हणून पुढे मनगटावरच्या नाडीची लहर कागदावर उमटवणारं यंत्र आलं.

त्या यंत्रावर लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या फ्रेडरिक अकबर महोमेद या तरुण डॉक्टरने मोठं काम केलं. नाव ओळखीचं वाटलं ना? त्यांचे आजोबा साके दीन महोमेद पाटण्याचे. त्यांनी इंग्लंडात ब्रायटनला चंपी-मालिशचं स्नानगृह चालवलं आणि आपल्या 'चांपणे'चा 'शाम्पू' तिकडे लोकप्रिय केला. आजोबांनी इंग्रजांना एक शब्द दिला. नातवाने दाखवलं की मूत्रपिंडाचा आजार नसलेल्या, वरून ठणठणीत दिसणाऱ्या माणसांच्या नाडीतही 'हाय टेन्शन' असू शकतं, आणि ते हळूहळू शरीर पोखरतं. त्यांच्या लिखाणातही टेन्शन म्हणजे धमनीतला दाब. 1884 साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, विषमज्वराने ते गेले.

1896 मध्ये इटलीच्या रिव्हा-रोची यांनी दंडाला बांधायचा पट्टा आणि पाऱ्याची नळी आणली. 1905 मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकायला शिकवलं. तुमच्या कागदावर वरचा आणि खालचा असे दोन आकडे लिहिले जातात, ते या दोघांमुळे.

शब्दाने फक्त पेशंटच फसतात असं समजू नका. कारण सापडत नाही अशा वाढलेल्या दाबाला डॉक्टर 'इसेन्शियल' हायपरटेन्शन म्हणू लागले. या शब्दाचा रोजचा अर्थ 'आवश्यक'. मोठमोठे डॉक्टर मानत की कडक झालेल्या वाहिन्यांतून रक्त ढकलायला हा दाब लागतोच, तो उतरवू नये. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा बीपी 1944 साली 186/108 होता. उपचार सुरू होते, पण आजच्यासारखी प्रभावी औषधं तेव्हा नव्हतीच. 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. त्या दिवशी बीपी 300/190 होता. 1967 आणि 1970 साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या चाचण्यांनी सिद्ध केलं की गोळ्यांनी दाब उतरवला तर पक्षाघात टळतात. डॉक्टरांची चूक सुधारली. पेशंटची अजून सुधारायची आहे.

मग काळजीचा काहीच संबंध नाही का? आहे. राग आला, भीती वाटली की दाब तेवढ्यापुरता चढतो. पण कायम चढलेल्या दाबामागे बहुतेक वेळा वय, घराण्यातला वारसा, मीठ, वजन, दारू आणि बसून राहणं यांचा मेळ असतो. खर्रा-तंबाखूने दाब चढतो आणि रक्तवाहिन्याही खराब होतात. म्हणूनच शांत, हसऱ्या माणसालाही बीपी असतो, आणि बहुतेकांना त्याचा काहीच त्रास जाणवत नाही.

तेव्हा एवढं करा. तीस वर्षांनंतर वर्षातून एकदा तरी बीपी मोजा. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा; अर्धा तास आधी चहा, खर्रा नको. वेगवेगळ्या दिवशी 140/90 किंवा जास्त आला तर डॉक्टरांना दाखवा. दिवसभराचं मीठ एका लहान चमच्याच्या आत, पापड-लोणच्यातलं धरून. गोळीने बीपी 'नॉर्मल' आला तर तो गोळीमुळे आलाय. विचारल्याशिवाय ती सोडू नका. आणि अचानक तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं तर घरी थांबू नका, तडक मोठ्या दवाखान्यात न्या.

मी आता पेशंटसमोर 'हायपरटेन्शन' म्हणत नाही. आपला 'रक्तदाब' हा शब्द जास्त खरा आहे. त्यात काय वाढलंय ते सरळ सांगितलंय. टेन्शन घेऊ नका, हे मीही तुम्हाला सांगेन. पण गोळी मात्र घ्या.