शकील ओनीलने ऑर्लँडो का सोडले? वेतनमर्यादेचा इतिहास आणि १९९६चा उन्हाळा

१/
१८ जुलै १९९६. अटलांटा ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला एक दिवस उरला होता. अमेरिकेच्या बास्केटबॉल संघातला सात फूट एक इंच उंचीचा, चोवीस वर्षांचा शकील ओनील त्याच शहरात पत्रकारांसमोर आला. आपण ऑर्लँडो मॅजिक सोडून लॉस एंजेलिस लेकर्सकडे जात आहोत, हे त्याने जाहीर केले. करार सात वर्षांचा, रक्कम सुमारे १२ कोटी डॉलर. ऑर्लँडोला बदल्यात एकही खेळाडू मिळाला नाही.

२/
या घटनेची नेहमीची कथा सोपी आहे : मोठ्या शहराने पैशाच्या जोरावर लहान शहराचा नायक पळवला. एनबीएचे त्या काळचे नियम समोर ठेवले, की ही कथा उलटी होते. नियमांनी हात बांधले होते ते लॉस एंजेलिसचे. ऑर्लँडोचे हात मोकळे होते. तरीही हरले ऑर्लँडो. हे कसे घडले ते समजून घ्यायचे, तर सव्वीस वर्षे मागे जावे लागते.

३/
१९७० पूर्वी एनबीएतील खेळाडू आपला मालक निवडू शकत नव्हता. महाविद्यालयातून येणाऱ्या खेळाडूंची वाटणी 'ड्राफ्ट'मधून होई आणि ज्या संघाने नाव पुकारले, त्याच्याशीच बोलणी करावी लागत. करार संपला तरी त्यातील एका कलमाच्या आधारे संघ खेळाडूवरचा हक्क कायम ठेवत असे. संघ खेळाडूला दुसऱ्याकडे पाठवू शके, खेळाडू मात्र आपणहून जाऊ शकत नव्हता.

४/
१९६७ मध्ये एबीए ही प्रतिस्पर्धी लीग सुरू झाली आणि खेळाडूंना प्रथमच दुसरे गिऱ्हाईक मिळाले. पगार चढू लागले. हा खर्च थांबवायचा सरळ उपाय म्हणजे दोन्ही लीगचे विलीनीकरण. एप्रिल १९७० मध्ये त्याविरुद्ध खेळाडू न्यायालयात गेले. दाव्यावर पहिले नाव होते खेळाडू संघटनेचे अध्यक्ष आणि त्या काळातील सर्वश्रेष्ठ खेळाडूंपैकी एक, ऑस्कर रॉबर्टसन यांचे.

५/
हा दावा सहा वर्षे चालला. १९७६ मध्ये तडजोड झाली. एबीएचे चार संघ एनबीएत आले. त्या बदल्यात खेळाडूला जन्मभर बांधून ठेवणारी व्यवस्था मोडीत निघाली. करार संपलेला खेळाडू दुसऱ्या संघाशी बोलू शकेल, हे तत्त्व मान्य झाले. अशा खेळाडूला तिथे 'फ्री एजंट' म्हणतात. हे स्वातंत्र्य लगेच पूर्ण झाले नाही. आधी जुन्या संघाला भरपाई द्यावी लागे. पुढे जुन्या संघाला नव्या देकाराची बरोबरी करून खेळाडू राखण्याचा हक्क मिळाला.

६/
१९८०च्या दशकाच्या आरंभी अनेक संघ तोट्यात होते. मालकांना पगारावर लगाम हवा होता, तर खेळाडूंना नुकतेच मिळालेले स्वातंत्र्य गमवायचे नव्हते. संपाची तारीख ठरलेली असताना, मार्च १९८३ च्या शेवटच्या दिवशी तोडगा निघाला. लीगच्या ठरावीक उत्पन्नातील ५३ टक्के वाटा खेळाडूंना मिळेल. त्या बदल्यात प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा राहील. १९८४-८५च्या हंगामासाठी ती मर्यादा होती ३६ लाख डॉलर.

७/
हीच 'सॅलरी कॅप' किंवा वेतनमर्यादा. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा असते, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. पण एनबीएच्या मर्यादेत पहिल्या दिवसापासून एक मोठी पळवाट मुद्दाम ठेवलेली होती. संघाला आपलाच खेळाडू पुन्हा करारबद्ध करायचा असेल, तर त्याला मर्यादा ओलांडण्याची मुभा होती. बोस्टनच्या लॅरी बर्डवरून या तरतुदीला 'बर्ड सवलत' हे नाव पडले.

८/
या सवलतीमागचा हेतू स्पष्ट होता. चाहत्यांनी ज्याला लहानाचा मोठा होताना पाहिले, तो खेळाडू केवळ हिशेबापायी शहर सोडून जाऊ नये. बाहेरच्या संघाने त्याला न्यायचे म्हटले, तर आधी मर्यादेखाली तेवढी जागा रिकामी करावी. घरच्या संघाने फक्त धनादेश लिहावा. स्पर्धेचे पारडे जाणूनबुजून घरच्या संघाकडे झुकवलेले होते.

९/
दुसरीकडे खेळाडूचे स्वातंत्र्यही वाढत गेले. १९८८ च्या करारानंतर अनुभवी खेळाडूंना कोणत्याही बंधनाविना संघ बदलता येऊ लागला. टॉम चेंबर्स हा तसा सिएटलहून फीनिक्सला गेलेला पहिला खेळाडू. १९९५ मध्ये एनबीएच्या इतिहासातील पहिली टाळेबंदी झाली. तिच्या अखेरीस झालेल्या करारानंतर, देकाराची बरोबरी करून खेळाडू राखण्याचा जुन्या संघाचा हक्कही गेला. १९९६ च्या उन्हाळ्यात बाजारात आलेले खेळाडू खऱ्या अर्थाने मोकळे होते.

१०/
आता ऑर्लँडोकडे वळू. हा संघ १९८९ मध्ये जन्मला. १९९२ च्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड नशिबाने त्याच्या वाट्याला आली आणि ओनील मिळाला. पुढच्याच वर्षी, ६६ चिठ्ठ्यांपैकी केवळ एक आपली असताना, पहिली निवड पुन्हा ऑर्लँडोलाच मिळाली. तिच्या अदलाबदलीतून अन्फर्नी 'पेनी' हार्डवे आला. १९९४ मध्ये शिकागोचा होरेस ग्रँट येऊन मिळाला. १९९५ मध्ये हा सहा वर्षांचा संघ अंतिम फेरीत होता. तिथे ह्यूस्टनकडून ०-४ असा पराभव झाला, पण भविष्य ऑर्लँडोचेच आहे याबद्दल फारशी कोणाला शंका नव्हती.

११/
१९९५-९६ मध्ये ऑर्लँडोने ८२ पैकी ६० सामने जिंकले. त्याच हंगामात मायकेल जॉर्डनच्या शिकागोने ७२ सामने जिंकले आणि प्लेऑफमध्ये ऑर्लँडोला ४-० ने घरी पाठवले. ओनीलचा मूळ करार सात वर्षांचा होता, पण चार वर्षांनंतर बाहेर पडण्याची मुभा त्यात होती. त्याने ती वापरली.

१२/
त्या उन्हाळ्यात वेतनमर्यादा होती सुमारे २ कोटी ४३ लाख डॉलर. एका खेळाडूला किती पगार द्यावा यावर मात्र तेव्हा कोणतीही कमाल मर्यादा नव्हती. या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय घडते, हे शिकागोने दाखवले. बर्ड सवलत वापरून त्या संघाने जॉर्डनला एका वर्षासाठी ३ कोटी डॉलरहून अधिक रक्कम दिली. एका माणसाचा पगार पूर्ण संघाच्या मर्यादेपेक्षा मोठा होता आणि तो नियमात चोख बसत होता.

१३/
तीच सवलत ऑर्लँडोकडेही होती. ओनीलला किती द्यायचे, हा प्रश्न फक्त मालकाच्या इच्छेचा होता. मालक होते ॲमवेचे सहसंस्थापक रिच डिव्हॉस. शिवाय फ्लोरिडात राज्याचा प्राप्तिकर नाही, कॅलिफोर्नियात आहे. म्हणजे दोन्हीकडे आकडा सारखाच असता, तरी हातात पडणारी रक्कम ऑर्लँडोत जास्त होती. पण संघाने आरंभी दिलेला देकार ओनीलच्या अपेक्षेपेक्षा बराच कमी होता. घासाघीस सुरू झाली. देकार चढत गेला, तो थोडा थोडा.

१४/
लेकर्सचे कार्यकारी उपाध्यक्ष जेरी वेस्ट यांच्यापुढचे गणित फार अवघड होते. बाहेरच्या खेळाडूसाठी मर्यादेखाली जागा हवी आणि वार्षिक पगारवाढ पहिल्या वर्षाच्या पगाराच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त नको, असा नियम होता. त्यामुळे सारे काही पहिल्या वर्षाच्या आकड्यावर ठरत होते. पहिल्या वर्षासाठी १० लाख डॉलरची जागा वाढली, की सात वर्षांच्या करारात १ कोटी १२ लाखांची भर पडत असे.

१५/
वेस्ट यांनी आधी आपला मुख्य सेंटर, सर्बियाचा व्लादे दिवात्स, शार्लटला दिला. जाण्यापेक्षा निवृत्त होईन, असे दिवात्स म्हणत होता. अखेर तो गेला. बदल्यात शार्लटने ड्राफ्टमध्ये तेराव्या क्रमांकावर निवडलेला सतरा वर्षांचा मुलगा मिळाला. त्याचा पगार दिवात्सच्या पगाराहून फार कमी होता आणि जागा रिकामी करायला तेवढे पुरेसे होते. त्या मुलाचे नाव कोबी ब्रायंट.

१६/
एवढ्याने भागले नाही. ऑर्लँडोचा देकार वाढत होता, म्हणून वेस्ट यांनी अँथनी पीलर आणि जॉर्ज लिंच हे दोन नियमित खेळाडूही व्हँकुव्हरला देऊन टाकले. मोबदला जवळजवळ शून्य. ओनील नाहीच आला असता, तर लेकर्सकडे ना दिवात्स उरला असता, ना पीलर, ना लिंच. तरीही वेस्ट यांनी हा डाव खेळला. ओनीलच्या पहिल्या वर्षाचा पगार ठरला सुमारे १ कोटी ७ लाख डॉलर. २० टक्के वाढीने सात वर्षांची बेरीज होते बरोबर १२ कोटी.

१७/
याच दिवसांत 'ऑर्लँडो सेंटिनल' या स्थानिक दैनिकाने वाचकांचा दूरध्वनी कौल घेतला. सात वर्षांच्या ११.५ कोटी डॉलरना ओनील पात्र आहे का? ९१.३ टक्के लोकांनी उत्तर दिले : नाही. असा कौल शास्त्रीय नसतो. ज्याला राग आलेला असतो, तोच बहुधा फोन उचलतो. पण ज्या तरुणाविषयी तो होता, त्याने तो वाचला. पुढील काळात ऑर्लँडो सोडण्याविषयी बोलताना त्याने या कौलाचा उल्लेख केला आहे.

१८/
त्या आकड्याकडे शेजारच्या बाजारभावाच्या संदर्भात पाहायला हवे. त्याच महिन्यात फ्लोरिडातल्याच मायामीने अलोन्झो मॉर्निंगला सात वर्षांसाठी सुमारे १०.५ कोटी देऊ केले. जुवान हॉवर्डलाही मायामीने १० कोटींच्या पुढे नेले. पण वेतनमर्यादेचा भंग झाला म्हणून लीगने तो करार रद्द केला आणि हॉवर्ड सुमारे १०.५ कोटींवर वॉशिंग्टनला परतला. ओनील या दोघांपेक्षा सरस आहे, हे बास्केटबॉलच्या जगात कोणीही नाकारले नसते. शहराला रक्कम अवाढव्य वाटत होती. बाजाराच्या हिशेबाने ती रास्त होती.

१९/
अर्थात, सगळा दोष घासाघिशीवर टाकता येत नाही. ओनीलला रॅप संगीताची आणि चित्रपटांची ओढ होती. त्याची भूमिका असलेला 'काझाम' हा चित्रपट करार जाहीर होण्याच्या आदल्याच दिवशी प्रदर्शित झाला होता. लॉस एंजेलिसचे आकर्षण खरे होते. पहिल्याच दिवशी पूर्ण रक्कम पुढे केली असती, तरी तो थांबला असता, असे खात्रीने सांगता येणार नाही. पण ऑर्लँडोने त्याला जाण्याचे आणखी एक कारण दिले, एवढे नक्की म्हणता येते.

२०/
पुढचा इतिहास ठाऊक आहे. ओनील आणि ब्रायंट यांच्या लेकर्सने २०००, २००१ आणि २००२ अशी सलग तीन विजेतेपदे मिळवली. ऑर्लँडोने दुसऱ्याच हंगामात, फेब्रुवारी १९९७ मध्ये प्रशिक्षक ब्रायन हिल यांना काढले, हार्डवे गुडघ्याच्या दुखापतीने झिजला आणि १९९९ मध्ये फीनिक्सला गेला.

२१/
मग ऑर्लँडोने वेस्ट यांचीच वाट धरली. संघ मोकळा करून २००० मध्ये ग्रँट हिल आणि ट्रेसी मॅकग्रेडी या दोघांना प्रत्येकी सात वर्षांच्या करारावर आणले. हिलचा घोटा बरा होईना. पहिल्या तीन हंगामांत मिळून तो ४७ सामने खेळला. हिलच्या बदल्यात डेट्रॉइटला दिलेला, ड्राफ्टमध्ये कोणीही न निवडलेला बेन वॉलेस पुढे चार वेळा सर्वोत्तम बचावपटू ठरला. २००४ च्या अंतिम फेरीत डेट्रॉइटने हरवले ते ओनीलच्याच लेकर्सना.

२२/
मालकांनी १९९६ मधून आपला धडा घेतला. केव्हिन गार्नेटच्या १२.६ कोटींच्या कराराने त्यांची भीती आणखी वाढली. १ जुलै १९९८ पासून त्यांनी टाळेबंदी केली. ती जानेवारी १९९९ मध्ये उठली आणि हंगाम ५० सामन्यांवर आला. नव्या करारात प्रथमच एकेका खेळाडूच्या पगाराला कमाल मर्यादा आली. घरच्या संघाला सात वर्षांचा करार देता येईल, बाहेरच्याला फक्त सहा; वाढीचा दरही घरच्या संघाचा जास्त. पारडे पुन्हा घराकडे झुकवले गेले.

२३/
त्याचा परिणाम मालकांनी योजला होता त्याहून वेगळा झाला. सर्वोच्च रक्कम सगळीकडे जवळपास सारखीच झाल्यावर, खेळाडू शहर, सहकारी आणि विजेतेपदाची शक्यता पाहून निर्णय घेऊ लागले. २०१० मध्ये लेब्रॉन जेम्सने मायामीची निवड केली, तेव्हा प्रश्न पैशाचा उरलाच नव्हता. २०२४-२५ मध्ये वेतनमर्यादा १४ कोटी डॉलरच्या पुढे गेली आहे. खेळाडूंचे असे स्थलांतर थांबलेले नाही.

२४/
ऑर्लँडो २००९ मध्ये पुन्हा अंतिम फेरीत पोहोचले. समोर होते लेकर्स, आणि त्यांचा नायक होता १९९६ च्या त्या हिशेबात हाती लागलेला कोबी ब्रायंट. लेकर्स ४-१ ने जिंकले. ऑर्लँडोला आजवर एकही विजेतेपद मिळालेले नाही.

२५/
फेब्रुवारी २०२४ मध्ये ऑर्लँडो मॅजिकने ओनीलचा ३२ क्रमांकाचा गणवेश समारंभपूर्वक कायमचा निवृत्त केला. संघाच्या इतिहासात हा मान मिळालेला तो पहिला खेळाडू. तो तिथे फक्त चार हंगाम खेळला होता. त्या रात्री शहराने ज्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या, त्याच्याच किमतीविषयी अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्याच शहरातून शंभरातल्या एक्याण्णव जणांनी फोन करून 'नाही' म्हटले होते.

(थ्रेड समाप्त)