निपाणीचा सोपा, टिळकवाडीचा गोठा

1860 चा हिवाळा. तुम्ही निपाणीत एका वाड्याच्या सोप्यावर बसला आहात, मांडीवर सहा महिन्यांचं लेकरू. समोर दुसऱ्या गावाहून आणलेलं एक पोर, रडून दमलेलं. आठ दिवसांपूर्वी त्याला देवीची लस टोचली. आज दंडावर टपोरा फोड आहे. टोचणारा नश्तर त्या फोडात बुडवतो आणि तुमच्या बाळाकडे वळतो.

शेजारची आक्का नातवाला पदराआड ओढते. "दुसऱ्याच्या पोराचं पू-पाणी माझ्या नातवाच्या अंगात नगो!"

तिला अडाणी म्हणू नका. दंडातून दंडात लस नेताना उपदंश जाऊ शकतो, धावरे पसरू शकतं. नश्तर कुणी उकळलेलं नाही. शस्त्रक्रियेच्या जखमा कार्बोलिक आम्लानं जपाव्यात, हा लिस्टरचा लेख यायला अजून सात वर्षं आहेत. देवीत पोर जाईल ही भीती खरी आणि आक्काची भीतीही तितकीच खरी.

आता 1930 च्या सुमारास बेळगावात या. गाव अजून मुंबई इलाख्यात आहे. टिळकवाडीतल्या ज्या झाडीला आज आपण व्हॅक्सिन डेपो म्हणतो, तिथं लस तयार होते. वासराला टेबलावर आडवं बांधलंय. पोटावरचे केस काढून कातडी धुतलीय, तिच्यावर बारीक ओरखडे काढून लस चोळलीय. पाचेक दिवसांनी फोड खरवडून घेतात, वाटतात, ग्लिसरीन मिसळतात आणि थंडाव्यात ठेवून देतात. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे थांबणं. ग्लिसरीनमध्ये इतर जंतू हळूहळू मरत जातात, लशीचा विषाणू मात्र टिकतो. लस पुरती निर्जंतुक होत नाही, पण एका पोराचा आजार दुसऱ्याच्या अंगात जाण्याची वाट बंद होते. बारीक काचनळ्यांतून ती गावोगाव जाते. आता कुणाचं पोर फोडासाठी गावोगाव फिरवावं लागत नाही.

भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण 1975 च्या मे महिन्यातला.

आणि आज? देवी गेली, पण बाळंतपणातल्या जंतुसंसर्गाची भीती आहेच. तुम्ही बेळगावातल्या प्रसूतिकक्षाबाहेर उभे आहात. इथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयानं सात देशांतल्या एका अभ्यासात भाग घेतला. त्याचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. कळा सुरू झालेल्या 29 हजारांवर बायकांपैकी निम्म्यांना अझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचा 2 ग्रॅमचा एकच डोस दिला. आईला सेप्सिस (जंतुसंसर्गातून होणारा गंभीर आजार) किंवा तिचा मृत्यू होण्याचं प्रमाण 2.4 टक्क्यांवरून 1.6 वर आलं. बाळांना मात्र त्या औषधानं संसर्गापासून वाचवलं नाही.

तेव्हा बाळाला बघायला जाल तर अंगठ्या-बांगड्या काढा, साबणानं 40 ते 60 सेकंद हात धुवा. सर्दी-खोकला असेल तर जाऊच नका. आणि बाळाला हात लावणाऱ्या प्रत्येकाला, मग तो डॉक्टर का असेना, हात धुतलेत का, हे विचारा.